मावशी खोटं खेळली

न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक पिवळी खोली आहे. दारावर 'बालकक्ष' अशी झोकदार पाटी आहे, पण त्या नावाने तिला कुणी ओळखत नाही. वकील, शिपाई, काडीमोड घ्यायला आलेले नवराबायको, सगळे म्हणतात 'मावशींची खोली'. आईबाप समोरच्या दालनात एकमेकांची उणीदुणी काढत असतात, तेव्हा त्यांची पोरं इथे बसतात. त्यांना सांभाळायचं, शू-शी बघायची, मारामाऱ्या सोडवायच्या आणि आतून बोलावणं आलं की तोंड पुसून पाठवायचं, हे मावशीचं काम. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण नजर घारीची.

खोलीत बुटक्या खुर्च्या, एक बुटकं टेबल, चाक निखळलेला ट्रक, केस उपटलेल्या बाहुल्या आणि चिकटपट्ट्या लावून जगवलेला सापशिडीचा पट. सोंगट्या केव्हाच हरवल्या. मुलं खिशातून बटण काढतात, बाटलीचं झाकण काढतात, तीच त्यांची सोंगटी. मोठ्या माणसाची खुर्ची एकच, दाराशी. ती मावशीची.

नियमही एकच, पण कडक. प्रकरणाबद्दल मुलाशी एक अक्षर बोलायचं नाही. विचारायचं नाही, सुचवायचं नाही, मानसुद्धा डोलवायची नाही. मावशीच्या आधीची बाई एका रडणाऱ्या पोराला "आईचंच नाव घे हो" असं म्हणून गेली. वकिलाने ऐकलं. पोराला शिकवलंय म्हणून त्याचं सगळं सांगणं बाद झालं, आणि बाईची नोकरीही गेली. तेव्हापासून मावशी तोंडाला कुलूप लावून आहे. ती आपली सापशिडी खेळते, आणि चोख खेळते. समोरचं मूल लहान आहे म्हणून मुद्दाम हरायचं, असले लाड नाहीत. "हरलास तर रड की, कुणी अडवलंय?" म्हणते. पोरं रडतात, पट उधळतात, 'घाणेरडी मावशी' म्हणतात आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळायला येतात.

असली पोरं मावशीला चालतात. तिला धडकी भरते ती दुसऱ्या तऱ्हेच्या पोरांची. खोलीत आल्या आल्या इतरांनी पसरलेली खेळणी आवरणारी, "मावशी, तुम्ही जेवलात का?" असं विचारणारी. येणारेजाणारे म्हणतात, काय गोड मूल आहे! मावशी मान फिरवते.

कारण ती स्वतः तशीच होती. बोलायला लागली तेव्हा लोक तिला चुणचुणीत म्हणाले. स्वतः एवढीशी असून धाकट्या भावाला थोपटून झोपवायला लागली, तेव्हा पोक्त म्हणाले. वडील गेले, आई भिंतीला टेकून बसली, आणि ही म्हणाली, "तू रडू नकोस, दूधवाल्याशी मी बोलते." त्या दिवसापासून अख्खी गल्ली तिला आजीबाई म्हणायला लागली. सगळ्यांना केवढं कौतुक! मग एकदा पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत तिने काकांना विचारलं, "काका, तुम्ही मदत करतो म्हणाला होतात, ती कधी?" झालं! तीच पोर आगाऊ ठरली, चोंबडी ठरली, वयाआधी पिकलेली ठरली. जीभ तीच, अक्कल तीच. मोठ्यांच्या सोयीचं बोललं की पोक्त, अडचणीचं बोललं की आगाऊ. एवढं कळायला हुशार पोराला कितीसा वेळ लागतो? ती सोयीचंच बोलायला शिकली.

आणि मग आत्या आली. आत्याला मूलबाळ नव्हतं, आईला दोन पोरं झेपत नव्हती. सगळे गोल करून बसले आणि आठ वर्षांच्या पोरीला विचारलं, "काय गं, आत्याकडे राहशील ना?" तिने आईकडे पाहिलं. आईची नजर जमिनीला. मग तिने आवाज काढला तो अगदी बायकी, समजूतदार. "माझं काय, मी कुठेही राहीन. तू भावाला सांभाळ, आई." किती समंजस पोर, किती समंजस पोर, असं सगळे म्हणाले. आत्याने तर डोळे पुसले.

पोर मात्र वाट बघत होती. आई आता म्हणेल, वेडी कुठली, तू कुठ्ठे जायचं नाहीस. पिशवी भरेपर्यंत तिने वाट बघितली. चपलेचा पट्टा लावताना मुद्दाम वेळ लावला. गल्लीच्या वळणावर मागे वळून पाहिलं. आईने हात हलवला. आत्या वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं सांगा. खाऊपिऊ घातलं, शिकवलं. पण ही पोर पुन्हा आपल्या घरी गेली ती पाहुणी म्हणूनच. आता आई थकली, भाऊ दूरदेशी, आणि आई हिच्याकडेच असते. शेजारणींना सांगते, "हिने मला कधी म्हणून त्रास दिला नाही." मावशी ते ऐकते आणि चहात साखर ढवळत बसते.

तर अशा या मावशीच्या खोलीत एक दिवस ताई आली. नऊ वर्षांची, चष्मा लावलेली, स्वतःच घातलेल्या दोन घट्ट वेण्या, त्यांतली एक वाकडी. बरोबर पाच वर्षांचा भाऊ, त्याला सगळे पिल्लू म्हणायचे. तो तिला ताई म्हणायचा ते ठीक. पण आईही ताई म्हणायची, बापही ताई म्हणायचा. सगळ्या घरात थोरली जणू हीच.

ताई थेट दाराशी आली आणि मावशीच्या मोठ्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. "पिल्लूला गार पाणी देऊ नका हं, त्याचा घसा धरतो," ती म्हणाली. मावशीने निमूटपणे सापशिडी काढली. ताईने केसांतली लाल क्लिप काढून सोंगटी म्हणून ठेवली. तिला चार पडले. चार घरं गेली असती तर शिडी होती. ती तीनच घरं गेली आणि सापाच्या तोंडात सापडली. "अरेरे, गिळलं की मला!" पिल्लू टाळ्या पिटायला लागला. पुढे मावशी मागे पडली, तर ताईने तिच्यासाठीही तेच केलं. मावशीला आजवर कुणी मुद्दाम जिंकू दिलं नव्हतं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

या घराचं काय ठरत होतं ते साऱ्या मजल्याला ठाऊक होतं. बापाची बदली लांबच्या शहरात झाली होती. पोरं वाटून घ्यायची होती, एक तुला, एक मला. पिल्लू आईकडे आणि ताई बापाकडे. आणि हे ठरवलं कुणी? तर म्हणे ताईनेच. समुपदेशक बाईंनी तिला एकटीला बसवून विचारलं, तर ती म्हणाली, "आईला पिल्लू आहे. बाबा एकटे पडतील. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण कोण करणार?" बाई भारावून गेल्या. आईला मात्र ते लागलं. पोरीला बापच हवाय, अशी तिची समजूत झाली. तीही मानी बाई, तोंडातून शब्द काढीना.

मावशीने काय पाहिलं होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. मागच्या खेपेला आई आपला स्वेटर खोलीत विसरून गेली. ताईने तो उचलला, बाह्या जुळवून घडी घातली. मग कुणी बघत नाही असं वाटून तिने त्यात तोंड खुपसलं आणि तशीच राहिली, चष्मा वाकडा होईपर्यंत. मावशी खाकरली. ताईने झटकन तोंड वर केलं. "धुवायला झालाय," ती म्हणाली, आणि स्वेटर पुन्हा घडी करून ठेवला.

आज शेवटची तारीख. न्यायाधीश मॅडम ताईशी एकट्याने बोलणार आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं कायम होणार. सकाळीच बाप पोरांना घेऊन दारात आला. दमलेला, ओढलेल्या चेहऱ्याचा माणूस. वाकून म्हणाला, "ताई, आत नीट बोलशील ना? ठरलंय तसं?"

"हो बाबा. तुम्ही गोळी घेतलीत?"

"विसरलो बघ."

"तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवलीय मी."

आई जिन्याच्या खिडकीशी पाठ करून उभी होती. "तिला वाटेल ते बोलू दे. तिनेच निवडलंय," एवढंच म्हणाली. ताईने त्या पाठीकडे पाहिलं. फक्त पाहिलं. ती नजर मावशीच्या ओळखीची होती. कुणीतरी आता वळेल आणि 'वेडी कुठली' म्हणेल, याची वाट बघणारी नजर.

कुणी वळलं नाही. मावशीने पोरांना खोलीत बसवलं, शिपायाला दारात उभं केलं आणि गुडघ्यांची पर्वा न करता समुपदेशक बाईंचं दालन गाठलं.

"बाई, ती पोर मनातलं बोलत नाहीये."

"कोण, ताई?" बाई हसल्या. "अहो मावशी, इतकी प्रगल्भ मुलगी मी पाहिली नाही. मी अहवालात तसंच लिहिलंय. अकालप्रौढ म्हणतात ना, तशी आहे. तिला स्वतःचं मत आहे."

"मत तिचं नाही, बापाच्या गोळ्यांचं आहे. तिला आई हवीय."

"असं म्हणाली ती तुम्हाला?" बाईंचा आवाज एकदम बदलला. "तुम्ही तिला काही विचारलंत का?"

"नाही. एक अक्षर नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

काय सांगणार? स्वेटर हुंगला म्हणून? मावशीच्या तोंडाशी आलं होतं, मलाही असंच म्हणायचे बाई, मीही अशीच गोड बोलले आणि वाया गेले. पण ते गिळून ती म्हणाली, "पोरीला पोरीसारखं विचारा एकदा. बाईमाणसासारखं नको."

"मावशी, तुम्ही खोलीत जा," बाई म्हणाल्या. "आणि कृपा करून तिला काही शिकवू नका. तिचं सगळं सांगणं बाद होईल."

खरंच होतं ते. 'खरं बोल गं पोरी' एवढं म्हटलं असतं, तरी वकिलांनी आकाशपाताळ एक केलं असतं. बोलायची सोय नाही, गप्प बसवत नाही. मावशी तणतणत खोलीत परतली. ताई तिच्या खुर्चीत बसून पिल्लूच्या बुटाची नाडी बांधत होती. "बाबांकडे गेल्यावर मी तुला रोज फोन करीन हं," ती त्याला समजावत होती. "रडायचं नाही. तू रडलास की आईला त्रास होतो."

मावशीने पट काढला आणि टेबलावर आपटला. प्रकरणाबद्दल बोलायचं नाही हा नियम होता. सापशिडीत लबाडी करायची नाही, असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

ताईने लाल क्लिप ठेवली, पिल्लूने बटण, मावशीने झाकण. मावशीला दोन पडले. ती पाच घरं पुढे गेली. ताईने पाहिलं आणि फासा पिल्लूकडे सरकवला. पुढच्या डावात मावशी सापाच्या तोंडावर आली आणि सापाला ओलांडून खुशाल पलीकडे बसली.

"मावशी खोटं खेळतेय!" पिल्लू किंचाळला.

"शू! मोठ्या माणसांना असं म्हणायचं नसतं," ताई म्हणाली.

मावशीने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. ताई अगदी वरच्या ओळीत पोचली होती. शेवटचं घर दोनच पावलांवर होतं. मावशीने फासा टाकला, आपलं झाकण हलवलं आणि जाता जाता ताईची क्लिप उचलून पार खाली, पहिल्या घरात ठेवली.

ताईचे ओठ घट्ट मिटले. "असू दे," ती म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता. "तुमचा हात लागला असेल."

"हात नाही लागला. मीच ठेवली."

"असू दे."

बाहेर शिपायाने कुणाचं तरी नाव पुकारलं. यांचं नव्हतं, पण यांचा नंबर त्याच्याच मागे होता. आपण एका नऊ वर्षांच्या पोरीचा छळ मांडलाय, हे मावशीला धडधडीत दिसत होतं. स्वतःची शरम वाटली. तरी तिने क्लिप उचलली आणि आपल्या खिशात टाकली.

"ती माझी आहे," ताई हळूच म्हणाली.

"असेल. मला हवीय."

"माझ्याकडे एकच आहे."

"पण तू देशील ना? तू समंजस आहेस. तू कुठेही राहशील, काहीही देशील. चल, ऊठ खुर्चीतून, तुझा नंबर संपला. आता मी आणि पिल्लू खेळणार."

ताई उठली. खरंच उठली हो, आणि बाजूला जाऊन भिंतीशी उभी राहिली! संपलं, हरलो आपण, असं मावशीला वाटलं. तिने फासा पिल्लूच्या हातात दिला. तो टाकणार, एवढ्यात भिंतीकडून आवाज आला. आधी तो आवाज कुणाचा तेच कळेना.

"नाही!" ताईने धावत येऊन पट दोन्ही हातांनी ओढला. चिकटपट्ट्या टरटर निघाल्या. "माझा नंबर आहे! माझी क्लिप आहे! तुम्ही खोटं खेळलात, पहिल्यापासून खोटं खेळलात, मी बघितलंय सगळं! मी नाही देणार! मला नाही व्हायचं समंजस! मला द्या माझं, मला द्या!" तिने मावशीच्या हातावर बुक्की मारली, चष्मा काढून फेकला आणि जमिनीवर फतकल मारून भोकाड पसरलं. तोंड उघडं, नाक वाहतंय, पाय आपटतेय. नऊ वर्षांची पोर रडते तशी ती रडत होती. पिल्लू आ वासून बघत राहिला.

दारात समुपदेशक बाई उभ्या होत्या. मागे आई, तिच्यामागे बाप.

"काय केलंत तुम्ही तिला?" बाप ओरडला. "ती कधीच रडत नाही!"

"खोटं खेळले," मावशी म्हणाली.

बाईंनी रागाने मावशीकडे पाहिलं. "उद्या लेखी खुलासा द्यायचा," त्या म्हणाल्या आणि ताईला उठवायला वाकल्या. पुकारा झाला होता. तोंड पुसायलाही वेळ नव्हता. ताई तशीच हुंदके देत, शेंबूड ओढत, मॅडमच्या दालनात गेली. दार बंद झालं.

मग जी वाट बघणं सुरू झालं, ते मावशी जन्मात विसरणार नाही. बाप येरझाऱ्या घालत होता. आईच्या हातात पोरीचा चष्मा होता, ती तो पदराने पुसत होती, पुन्हा पुन्हा पुसत होती. मावशी जमिनीवर बसून पटाचे तुकडे जुळवायला लागली. नोकरी गेली तर जाऊ दे, तिला वाटत होतं. पण पोर आत जाऊन पुन्हा शहाण्यासारखं बोलली तर? तोंड धुऊन 'बाबांना मी लागेन' म्हणाली तर? मग आपण तिला नुसतंच छळलं. दालनातून काहीच ऐकू येत नव्हतं.

दार उघडलं. आईबापांना आत बोलावलं आणि ताईला बाहेर पाठवलं. ती खोलीत आली, डोळे सुजलेले, एक वेणी सुटलेली. मोठ्या खुर्चीकडे गेली नाही. टेबलाशी बुटकी खुर्ची होती, तिच्यात बसली.

"माझी क्लिप," तिने हात पुढे केला.

मावशीने क्लिप दिली. काही विचारलं नाही, नियम म्हणजे नियम. ताईनेच नाक ओढलं आणि सांगितलं. "मॅडम म्हणाल्या, का रडतेस? मी म्हटलं, मावशींनी माझी क्लिप घेतली. त्या म्हणाल्या, आणि? मग मला आणखीच रडू आलं. मी म्हटलं, मला आई हवी. मला नाही जायचं लांब. बाबांच्या गोळ्या बाबांनी घ्याव्यात." क्लिप केसांत अडकवत ती म्हणाली, "बाबा रागावतील?"

तेवढ्यात आई आली ती धावतच. ती गुडघ्यांवर बसली, तिने पोरीला कवटाळलं आणि म्हणाली, "वेडी कुठली! मला सांगायचं नाही का? वेडी कुठली!" मावशीने तोंड फिरवून खिडकीची कडी घट्ट केली. ती आधीच घट्ट होती.

वाटणी मॅडमनी मोडीत काढली. दोन्ही पोरं आईकडे, सुट्ट्यांत बापाकडे. बाप बाकावर बराच वेळ बसून होता. मग त्याने शर्टाच्या खिशातून गोळी काढली, पाण्यावाचूनच गिळली आणि पोरांचा निरोप घ्यायला उठला. जाण्याआधी ताईने एक डाव खेळायचाच म्हणून हट्ट धरला. फाटक्या पटावर तिने मावशीला हरवलं, आणि "हरलात, हरलात!" म्हणून खोलीभर नाचली. जिन्यावरून खाली जाईपर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी मावशी घरी आली. आई स्वयंपाकघरात जमिनीवर पाटी घेऊन मटार सोलत होती. मावशी हातपाय न धुताच समोर बसली. खुलाशाचं काही बोलली नाही. एकदम म्हणाली, "आई, मला आत्याकडे जायचं नव्हतं."

आईचे हात थांबले. आता ही म्हणणार, तूच तर हो म्हणालीस. मावशी कित्येक वर्षं त्याच उत्तराला घाबरून गप्प होती.

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"तुझ्या आवाजावरून कळलं तेव्हाच. दोघांना पोसायची ताकद नव्हती गं माझ्यात. तू नाही म्हणाली असतीस, तर मी पाठवलं नसतं. जीव गेला असता तरी नसतं पाठवलं." तिने एक शेंग हातात घेतली, पण सोलली नाही. "तू हो म्हणशील हे माहीत होतं, म्हणून तर तुला विचारलं."

मावशीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्या घरात कधी कुणी ऐकला नव्हता.

"अगं हळू! शेजारी काय म्हणतील? शोभतं का या वयात?"

"म्हणू देत!" मावशी ओरडली आणि तिने पाटी ढकलून दिली. मटारचे दाणे घरभर उडाले, कपाटाखाली गेले, चुलीमागे गेले. आई बघत राहिली. मग दोन्ही गुडघे धरत ती पुढे वाकली आणि एकेक दाणा वेचायला लागली. तिला दाणे नीट दिसत नव्हते. ती फरशी चाचपून बघत होती.

मावशी तिथेच बसून रडत होती. ती मदतीला उठली नाही.